चालता ॲम्प मध्येच बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो: दोष कुठे शोधायचा

लक्षण असं. सकाळी ॲम्प (गाण्यांचा ॲम्प्लिफायर, रेडिओही त्यातच) लावला की छान चालायचा. मग वीस मिनिटांनी, कधी दोन तासांनी, कधी थेट चार दिवसांनी आतून ‘टिक’ असा बारीक आवाज यायचा आणि गाणं बंद, डिस्प्ले बंद. मी चहाचा कप खाली ठेवून उठेपर्यंत पुन्हा ‘टिक’, चार-पाच सेकंद शांतता, आणि रेडिओ जिथे पोचला असेल तिथून पुढे सुरू. बटणाला कोणी हात लावलेला नाही. आठ महिने हा प्रकार चालला. तेवढ्या काळात दोन मेकॅनिक झाले, आतले मोठे कपॅसिटर बदलून झाले, एक महागडा स्पाइकगार्ड आणून झाला. शेवटी जे निघालं त्याचं सामान दोनशे रुपयांच्या आतलं होतं. आणि दोष एक नव्हताच, दोन होते. दोघांचं लक्षण वरवर सारखं, त्यामुळे मी आठ महिने एकाच चोराच्या मागे धावत होतो.

ज्यांचा ॲम्प, होम थिएटर किंवा डेक असाच ‘कधीकधी’ बंद पडतो त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. कायमचा मेलेला सेट दुरुस्त करणं त्या मानाने सोपं असतं, मीटर घेऊन वीज कुठपर्यंत पोचते ते बघत जायचं. कधीकधीचा दोष मीटर लावला की गायब होतो.

माझा ॲम्प मामाने १९९४ साली मस्कतहून आणलेला. जपानी कंपनीचा, रिमोटवाला. मागून निघणारी दोन तारांची कायमची वायर आणि तिच्या टोकाला आखातात चालतो तो चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग. हा प्लग पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आधी नुसतं बघा

दुसऱ्या मेकॅनिकने सेट ठेवून घेताना एकच प्रश्न विचारला होता. “बंद पडतो तेव्हा तो छोटा लाल दिवा राहतो का जातो?” मला सांगता येईना. आठ महिने रोज समोर बसतोय आणि दिव्याकडे बघितलेलं नाही! चार दिवसांनी त्यांचा फोन आला. “साहेब, दिवसभर रेडिओ लावून ठेवला होता, एकदाही बंद नाही पडला. तुमच्या घरची लाइन बघा.” मला वाटलं, टाळतायत. अर्धं खरं तेच निघालं.

त्या लाल दिव्याचं महत्त्व असं. रिमोटवाल्या बहुतेक सेटमध्ये विजेचे दोन रस्ते असतात. एक लहान ट्रान्सफॉर्मर, किंवा नवीन सेटमध्ये एक लहानशी एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा), चोवीस तास चालू असते आणि स्टँडबायचा दिवा व रिमोटचं सर्किट जागं ठेवते. आपण बटण दाबलं की हे सर्किट एका रिलेला (विजेने आपोआप उघडझाप करणाऱ्या खटक्याला) वीज देतं, रिले ‘टिक’ करते आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरला लाइन मिळते. मग आणखी काही सेकंदांनी दुसरी रिले स्पीकर जोडते. तेव्हा सेट बंद पडला आणि लाल दिवाही गेला, तर भानगड सेटच्या बाहेर किंवा अगदी दारात आहे: बोर्ड, प्लग, वायर, फ्यूज. लाल दिवा राहिला पण डिस्प्ले गेला, तर वीज आत येतेय आणि आतल्या रिलेपाशी किंवा तिच्या पुढे अडतेय. डिस्प्लेही चालू आणि फक्त आवाज गेला, तर स्पीकरची रिले किंवा प्रोटेक्शन, म्हणजे गडबड दिसली की सेट वाचवायला स्पीकर तोडणारं सर्किट. या तीन वाटा आहेत आणि कुठली धरायची ते सेट बंद पडलेला असतानाच्या त्या अर्ध्या मिनिटात कळतं. नंतर कळत नाही.

मी शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि ॲम्पशेजारी ठेवली. तारीख, वेळ, लाल दिवा, डिस्प्ले, आवाज किती होता, सेट लावून किती वेळ झाला होता, घरात तेव्हा आणखी काय चालू होतं. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं. आईने एका नोंदीत ‘मिक्सर लावला होता, पण मिक्सरने नाही गेला’ असं लिहिलंय. ही नोंद नंतर उपयोगी पडली, कारण मी मिक्सरवर संशय घेऊन बसलो होतो.

दुसरी गोष्ट केली ती साक्षीदार बसवण्याची. ॲम्प ज्या एक्स्टेन्शन बोर्डवर होता, त्याच बोर्डवर शेजारच्या सॉकेटला एक टेबललॅम्प लावला. साधा पिवळा बल्ब मिळाला तर उत्तम, कारण एलईडी बल्बमध्ये ड्रायव्हर असतो आणि व्होल्टेज थोडं खाली-वर झालेलं तो दाखवत नाही. सेट बंद पडताना बल्बही लुकलुकला तर बोर्डच्या मागे बघायचं. बल्ब ठाम राहिला तर बोर्डपर्यंतची लाइन निर्दोष.

अकरा दिवसांत सहा नोंदी झाल्या. चार वेळा लाल दिवा गेला होता, दोन वेळा राहिला होता. सहाही वेळा बल्ब स्थिर. ते पान बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की इथे दोघे जण आहेत.

पहिला: प्लग

लाल दिवा जातोय, शेजारचा बल्ब जात नाही. म्हणजे बोर्डपर्यंत वीज ठीक, ॲम्पमध्ये शिरताना तुटते. मधे काय आहे? चौकोनी प्लग आणि बोर्डचं ते ‘युनिव्हर्सल’ सॉकेट, ज्यात गोल पिना, चपट्या पिना, चौकोनी पिना सगळं जातं. असं सॉकेट सगळ्यांना आत घेतं आणि कोणालाच घट्ट धरत नाही. आतली पितळी पट्टी सगळ्या आकारांना पुरेल अशी वाकवलेली असते, वर्षभरात ती फाकते.

गाणं चालू असताना मी प्लगच्या प्लास्टिकला करंगळीने हलकंच टेकवलं. टिक. परत सोडलं, टिक. प्लग काढून बघितला तर एका पिनेच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा काळा डाग, त्याच्या मधोमध पितळ खरवडल्यासारखं. ठिणगी त्याच जागी पडत होती. मेकॅनिकच्या दुकानात हा प्लग दुसऱ्या कन्व्हर्टरमध्ये (प्लग जुळवायच्या अडॅप्टरमध्ये) घट्ट बसला, म्हणून तिथे चार दिवस सेट बरा आणि घरी आला की आजारी.

ब्रिटिश प्लगची आणखी एक गंमत आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसते. त्याच्या पोटात एक फ्यूज असतो, सुमारे इंचभर लांबीचा, दोन चिमट्यांत बसवलेला. ते चिमटे सैल झाले किंवा त्यांच्यावर हिरवट थर चढला तरी हेच लक्षण दिसतं. आखातातून आलेला मिक्सर, इस्त्री, डेक काहीही असो, त्याचा प्लग एकदा उघडून बघा.

मी प्लग कापून टाकला. आयएसआय मार्कचा ६ अँपिअरचा तीन पिनांचा टॉप बसवला, वायरीच्या तारा पिळून स्क्रूखाली घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळल्या, म्हणजे स्क्रू आवळताना त्या बाहेर न सरकता आत ओढल्या जातात. एक्स्टेन्शन बोर्ड हटवला. भिंतीतलं सॉकेट ३० वर्षांचं होतं, तेही वायरमनला बोलावून बदललं. माझ्या ॲम्पची वायर दोन तारांचीच आहे आणि मागच्या पाटीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह आहे, म्हणजे तो दुहेरी इन्सुलेशनचा. त्याला अर्थिंगची तार नसते. ज्या सेटला तीन तारांची वायर आहे त्याची अर्थिंग मात्र कधीही काढू नका. ‘हम’ (स्पीकरमधली सततची घरघर) जातो म्हणून अर्थिंगची पिन तोडणारे लोक मी बघितलेत. हम जातो खरा, पण आत शॉर्ट झाला तर सेटचं लोखंडी अंग लाइनवर येतं.

सॉकेट सैल आहे का हे हात न भाजता तपासायचं तर इस्त्री वापरा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बोर्डच्या एका सॉकेटमध्ये रीडिंग घ्या, मग शेजारच्या सॉकेटला १००० वॉटची इस्त्री लावून पुन्हा घ्या. माझ्या भिंतीच्या सॉकेटवर २३२ चे २२८ झाले, हे ठीक. जुन्या एक्स्टेन्शन बोर्डवर तेच २१७ झाले. म्हणजे एकट्या त्या बोर्डात ११ व्होल्ट गळत होते. इस्त्री साधारण सव्वाचार अँपिअर घेते, तेव्हा ११ गुणिले सव्वाचार म्हणजे ४५ वॉटच्या आसपास उष्णता त्या बोर्डात आणि त्याच्या वायरीत जिरत होती. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, त्यावरून अंदाज करा. असा बोर्ड ॲम्पसाठीच काय, मोबाइल चार्ज करायलाही ठेवू नये.

सगळ्या घराचंच व्होल्टेज नाचत असेल तर हा विषय वेगळा होतो. त्यात एक खूण लक्षात ठेवा: मिक्सर किंवा गीझर लावल्यावर घरातला एखादा बल्ब मंद होण्याऐवजी जास्त उजळला, पंखा अचानक जोरात फिरू लागला, तर न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) सैल आहे. इमारतीचा न्यूट्रल सुटला की काही घरांत व्होल्टेज २३० च्या खूप वर जातं. तेव्हा मेन स्विच पाडा, फ्रीज-टीव्हीसकट सगळ्याचे प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. गाण्यांचं नंतर बघता येईल.

इन्व्हर्टर असलेल्या घरात लाइन जाऊन इन्व्हर्टर लागताना क्षणभर खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, ॲम्पच्या रिलेला कळतो. संध्याकाळी ठरावीक वेळी सेट ‘टिक’ करत असेल तर आधी इन्व्हर्टरचा आवाज ऐका. स्टॅबिलायझरचंही तेच, त्याचीही रिले टिक करते आणि आपण ॲम्पला शिव्या देतो.

दोष नसलेले दोष

प्लग बदलल्यावर तीन आठवडे सेट शांत होता. विजयाची जिलबीही खाऊन झाली. बाविसाव्या दिवशी टिक. या वेळी मी उडी मारून दिवा बघितला, लाल दिवा चालू. दुसरा इसम अजून घरात होता.

झाकण उघडण्याआधी बाहेरच्या काही गोष्टी उरकून घ्या, यांत निम्मे सेट सुटतात.

नवीन सबवूफर, साउंडबार आणि होम थिएटर ठरावीक वेळ आवाज बारीक राहिला की आपोआप झोपतात. युरोपात २०१३ पासून अशा यंत्रांना ही सोय द्यावीच लागते, आणि तोच माल जगभर विकला जातो. रात्री हळू आवाजात भजन लावलं आणि वीस मिनिटांनी सबवूफर गेला, तर मागे ‘ऑटो’ असं लिहिलेला खटका आहे का ते बघा आणि तो ‘ऑन’वर करा. मेनूमध्ये स्लीप टायमर असतो, तोही बघा. रिमोट लहान मुलांच्या हाती गेलेला असतो.

स्पीकरच्या वायरीची एक केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला किंवा सेटच्या पत्र्याला टेकत असेल, तर तबल्याच्या डग्ग्याचा घुमारदार ठोका आला की प्रोटेक्शन सेट बंद करतं आणि एरवी काही होत नाही. तारा सोलून पुन्हा पिळा. मागे ८ ओहम लिहिलेलं असताना ४ ओहमचे स्पीकर, किंवा ए आणि बी अशा दोन जोड्या एकदम लावल्या तरी मोठ्या आवाजाला हेच होतं.

उष्णता. आमच्या ॲम्पवर आईने क्रोशाचा रुमाल घातला होता, त्यावर फ्रेम, फ्रेमपुढे पितळी हत्ती. झाकणाच्या जाळीतून गरम हवा वर जायची ती रुमालाने अडत होती. रुमाल काढला. दोष गेला नाही, पण सेट अर्ध्या तासाने हात लावण्याइतका राहू लागला. बंद काचेच्या शोकेसमध्ये ॲम्प ठेवणाऱ्यांनी निदान मागची फळी कापावी.

आणखी एक प्रकार लोक पॉवरचा समजतात आणि तो तसा नसतो: आवाज कमी असला की एका बाजूचा स्पीकर जातो, आवाज मोठा केला की ‘फट्’ करून येतो, मग बराच वेळ राहतो. ही स्पीकर रिले. तिच्या कॉन्टॅक्टवर (एकमेकांना टेकून वीज जोडणाऱ्या टोकांवर) थर चढलेला असतो, मोठ्या आवाजाचा करंट तो थर फोडून जातो, लहान आवाजाचा जाऊ शकत नाही. रिले बदलायची. पॉलिश पेपरने घासलेली रिले सहा महिने चालते आणि मग आधीपेक्षा वाईट होते, कारण कॉन्टॅक्टवरचा चांदीचा थर आपणच उडवलेला असतो.

आत जाण्यापूर्वी

ज्यांनी आजवर कुठलाच सेट उघडलेला नाही त्यांनी इथे थांबून वही मेकॅनिककडे न्यावी. खरंच. त्या वहीमुळे त्याचं निम्मं काम होतं.

उघडणाऱ्यांसाठी: प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मोठ्या ॲम्पमध्ये १०,००० एमएफडीचे (मायक्रोफॅरडचे) दोन कपॅसिटर असतात, त्यांत प्लग काढल्यावरही ४०-४५ व्होल्ट राहू शकतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ते रिकामे करायची पद्धत दुकानांत दिसते. त्यात ठिणगी उडते, टोक वितळतं, कधी सर्किट बोर्डवरचा ट्रॅक (तांब्याची पट्टी) उडतो. एक किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर लावा आणि प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांवर एक मिनिट धरा. मग मीटरने बघा, एक व्होल्टच्या खाली आलं की हात घाला. एसएमपीएसवाल्या सेटमध्ये प्रायमरी (लाइनकडच्या) बाजूच्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो. त्या भागात नवशिक्याने जाऊ नये. सेट चालू ठेवून काही बघायचं असेल तर एक हात खिशात, पायात चप्पल, आणि सिरीज बोर्ड. १०० वॉटचा पिवळा बल्ब सेटच्या लाइनमध्ये मालिकेत असला की आत शॉर्ट झाला तरी बल्ब पेटतो आणि सेट वाचतो. चांगला सेट लावताना बल्ब क्षणभर भक्क होतो आणि मग मंद होतो. भक्कच राहिला तर लगेच बंद करा.

दुसरा: रिलेचा पाय

आधी वहीतल्या वेळा बघितल्या. लाल दिवा राहिला होता त्या प्रत्येक वेळी सेट किमान पाऊण तास चालू होता. थंड सेट कधीच गेला नव्हता. ही मोठी खूण आहे. थंड असताना नीट चालतो आणि तापल्यावर जातो, तर सुटलेलं सोल्डर किंवा तापणारा पार्ट बघायचा. याउलट सकाळी सुरूच होत नाही, तीन-चारदा बटण दाबल्यावर लागतो आणि एकदा तापला की दिवसभर चालतो, तर स्टँडबायच्या सर्किटमधला एखादा लहान कपॅसिटर वाळलेला असतो. तो बहुधा हीटसिंकच्या किंवा गरम रेझिस्टरच्या अंगाला खेटून बसलेला सापडतो. कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं, त्यामुळे खेटून बसलेला आधी जातो. पहिल्या मेकॅनिकने मोठे कपॅसिटर बदलले होते. ते दिसायला मोठे असतात आणि बिलातही मोठे दिसतात, पण माझ्या लक्षणाशी त्यांचा संबंध नव्हता.

मग मी पॉवरच्या रिलेच्या कॉइलवर (वीज मिळाली की खटका ओढणाऱ्या गुंडाळीवर) लक्ष ठेवायचं ठरवलं. प्लग काढून, सर्किट बोर्डच्या खालच्या बाजूला, कॉइलला जाणाऱ्या दोन ट्रॅकवर दोन बारीक वायरी सोल्डर केल्या. पायावर नव्हे, पायापासून थोड्या दूर, ट्रॅकवर. वायरी बाहेर काढून मीटरला जोडल्या, सगळं नीट टेपने बांधलं, झाकण ठेवलं आणि सेट लावला. मीटर ११.४ व्होल्ट दाखवत होता. रिले १२ व्होल्टची, म्हणजे ठीक.

यामागचा हिशेब असा होता. रिले सुटेल तेव्हा मीटर शून्यावर गेला, तर रिलेला वीजच मिळत नाही: एकतर वरून हुकूम येत नाही, म्हणजे प्रोटेक्शन किंवा रिमोटचं सर्किट तिला सोडतंय, किंवा स्टँडबायचा पुरवठा बसतोय. रीडिंग हळूहळू ११ वरून ८, ७ असं घसरलं तर पुरवठ्यातला कपॅसिटर, डायोड किंवा रेग्युलेटर. आणि व्होल्टेज तसंच राहून रिले सुटली तर ट्रॅकपर्यंत वीज आहे, कॉइलपर्यंत नाही.

दीड तास काही झालं नाही. मी भाजी आणायला जाऊन आलो तरी सेट चालूच होता. मग आईचा हेअर ड्रायर आणला आणि झाकणाच्या जाळीतून रिलेच्या बाजूला लांबून ऊब दिली, बोट ठेवता येईल एवढीच. चार मिनिटांत टिक. मीटर शून्यावर गेला नाही. ११.४ वरून उलट १३.१ वर चढला.

तो चढलेला आकडा बघून मला जिन्यावरून ओरडावंसं वाटलं. ओझं सुटलं की पुरवठा वर जातो. कॉइल करंट घेईनाशी झाली होती. हुकूम आहे, वीज आहे, कॉइल तुटलीय किंवा तिचा पाय.

सेट उलटा करून, उदबत्तीची जळून उरलेली बांबूची काडी घेऊन (लाकडी, कोरडी, धातूचं काही नाही) सिरीज बोर्डवर सेट चालू ठेवून रिलेच्या पायांना एकेक करून हलकंच ढोसलं. तिसऱ्या पायाला टिक, काडी उचलली की परत टिक. प्लग काढून, कपॅसिटर रिकामे करून भिंगातून बघितलं. पायाभोवती सोल्डरच्या टेकडीत एक बारीक काळी रेघ, पूर्ण गोल, पैंजणासारखी. पाय त्या कड्याच्या आत मोकळा हलत होता. डोळ्यांनी बघून हा जोड कोणीही पास केला असता.

असं होतं कारण रिले जड असते, दर वेळी ओढताना हादरते, शेजारी गरम रेझिस्टर असतो. तीस वर्षं रोज तापून थंड होताना पाय आणि बोर्ड कमी-जास्त फुगतात आणि सोल्डर थकतं. ट्रान्सफॉर्मरच्या पिना, हीटसिंकवर बसवलेले रेग्युलेटर, मागचे सॉकेट, मोठे रेझिस्टर, हीच त्याची नेहमीची ठिकाणं. २००६ नंतरच्या सेटमध्ये बहुधा शिसंविरहित सोल्डर असतं. ते १८३ ऐवजी सुमारे २१७ अंशांना वितळतं आणि मुळातच मळकट दिसतं, त्यामुळे ‘चमकत नाही म्हणजे ड्राय’ (नीट न धरलेला जोड) हा जुना नियम तिथे लागू नाही. रेघ शोधा.

जुन्या सोल्डरवर नवा थेंब ठेवू नका. पंपाने जुनं ओढून घ्या, पाय खरवडून स्वच्छ करा, फ्लक्स लावा, मग ताजं सोल्डर. मी एक पाय दुरुस्त करून थांबलो नाही, त्या बोर्डवरचे सगळे जड पार्ट केले, अर्धा तास लागला. रिलेही बदलली. सैल प्लगमुळे ती आठ महिने अवेळी उघडझाप करत होती, आणि प्रत्येक वेळी मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा पहिला झटका तिच्या कॉन्टॅक्टवर बसत होता. उघडून बघितली तेव्हा आत काजळी होती. मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर तशीच मिळाली. पुणेकरांना तापकीर गल्ली आहे. जाताना जुनी रिले खिशात न्या: कॉइलचे व्होल्ट, कॉन्टॅक्टचे अँपिअर आणि पायांची रचना या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. फक्त व्होल्ट सांगून आणलेली रिले बोर्डवर बसत नाही.

आत असताना मला आणखी एक सापडलं, जे कदाचित तिसरा दोष झालं असतं. जुन्या जपानी बोर्डांवर कपॅसिटर हलू नयेत म्हणून पिवळसर गोंद लावलेला असतो. वर्षं गेली की तो तपकिरी होतो, पावसाळ्यात ओलावा धरतो, थोडी थोडी वीज वाहू लागतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे पाय खातो. सेट पावसाळ्यातच जास्त त्रास देत असेल तर हा गोंद बघा. लाकडी काडीने खरवडून काढा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. कोकणात आणि किनाऱ्यावर मुंग्या आणि पालीही बघा. पाल आत गेली की ती एकदाच शॉर्ट करते, पण मुंग्यांची वस्ती महिनोन्‌महिने छळते.

काचेचा फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका. तार अखंड दिसते आणि धातूच्या टोपीत सुटलेली असते. बदलताना अक्षरही बघा: टी म्हणजे सावकाश उडणारा, एफ म्हणजे झटकन उडणारा. टी ३.१५ अँपिअरच्या जागी एफ लावला तर सेट लावतानाच्या झटक्याला तो कधी टिकतो, कधी उडतो, आणि तुम्ही नव्या कोड्यात पडता. उडालेल्या फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळण्याबद्दल काही लिहीत नाही.

काही सेटमध्ये, विशेषतः स्वस्त होम थिएटरमध्ये, स्टँडबायचा पुरवठा ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट लाइनवरून एका चौकोनी एक्स टू (थेट लाइनवर लावायच्या सुरक्षित दर्जाच्या) कपॅसिटरमधून घेतलेला असतो. तो हळूहळू झिजतो. वर ०.३३ मायक्रोफॅरड लिहिलेलं आणि मीटरवर ०.१५ भरतं. लाल दिवा मंद होतो आणि रिले ‘टिक-टिक-टिक’ करते पण धरत नाही. बदली एक्स टू दर्जाचाच हवा. हा सगळा भाग थेट लाइनला जोडलेला असतो, चालू सेटमध्ये तिथे हात लावायचा नाही.

झालं हे कसं ठरवायचं? माझ्या वहीत दोन बिघाडांमधलं सर्वांत मोठं अंतर प्लग बदलल्यानंतरचं, बावीस दिवसांचं होतं. मी बावीसच्या तिप्पट धरले, सहासष्ट दिवस. तोवर झाकणाचे स्क्रू लावले नाहीत, नुसतं ठेवलं, आणि वही तिथेच. काल एकाहत्तरावा दिवस होता. स्क्रू लावले. आईने क्रोशाचा रुमाल धुऊन पुन्हा आणला होता, तो आता डाव्या स्पीकरवर आहे, हत्तीसकट.